आधी आपला रिपोर्ट, मग नव्या औषधाची बातमी

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असं लिहिलंय: उजवा स्तन. गाठ १.९ सेंमी. ग्रेड २. ईआर ८/८, पीआर ५/८, हर-टू १+, केआय-६७ १८ टक्के. काखेतल्या ग्रंथी ३ काढल्या, तिन्ही स्वच्छ. खाली २०१७ मधली तारीख. अक्षर माझ्या मुलीचं आहे, कारण त्या दिवशी माझ्या हाताला पेन धरवत नव्हतं.

तेव्हा त्यातलं काहीही कळत नव्हतं. आता स्तनाच्या कर्करोगावरच्या नव्या औषधाचा मेसेज कोणी पाठवला, की मी सगळ्यात आधी हे पान उघडते. ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मला हीच सवय लावायची आहे. अशा बातम्या दर आठवड्याला येतात, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही असतात. पण खरी बातमी आणि आपल्या कामाची बातमी यांत फरक असतो, तो या एका पानावरून कळतो.

मी डॉक्टर नाही. उपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचे.

पहिली पायरी: रिपोर्ट वहीत उतरवा

पॅथॉलॉजीचे रिपोर्ट सहसा दोन असतात, एक बायोप्सीचा आणि एक ऑपरेशननंतरचा. दोन्हींच्या प्रती मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि त्यातल्या मोजक्या ओळी स्वतःच्या हाताने वहीत लिहा. लिहिताना त्या डोक्यात बसतात.

ईआर आणि पीआर या ओळी हार्मोनच्या. गाठीतल्या पेशींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन पकडण्याच्या जागा आहेत का, आणि किती, हे त्या सांगतात. काही लॅब टक्क्यांत लिहितात, काही ८ पैकी गुण देतात. दहापैकी साधारण सात जणींचा आजार हार्मोन पॉझिटिव्ह असतो. याचा सरळ अर्थ असा, की त्या गाठीला हार्मोनचं खतपाणी मिळतं आणि ते तोडणारी गोळी उपयोगी पडते.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. त्याला ०, १+, २+ किंवा ३+ असे गुण मिळतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ काठावरचं, म्हणून फिश नावाची दुसरी चाचणी करून खात्री करतात. त्या चाचणीचं उत्तर येईपर्यंतचे दिवस फार लांबतात, पण त्याआधी औषध ठरवण्यात अर्थ नसतो. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसतील तर तो ट्रिपल निगेटिव्ह, शंभरात साधारण १० ते १५ जणींचा. केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढीच्या घाईत आहेत त्याचा अंदाज. हा आकडा एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये बदलू शकतो, तेव्हा त्यावर रात्र जागू नका.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती विचित्र दिसतात, आणि स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय. वेटिंगमध्ये माझ्या शेजारी बसलेली एक बाई 'ग्रेड ३' वाचून रडत होती. तिला ती तिसरी स्टेज वाटली होती. तिची गाठ माझ्याहून लहान होती आणि ग्रंथीही स्वच्छ होत्या. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती हसायला लागली, पण तोवर तिच्या नवऱ्याने गावाकडे तिघांना फोन करून झाले होते.

आता माझ्या पानावरच्या 'हर-टू १+' या ओळीची गोष्ट. २०१७ साली त्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले होते, "हे निगेटिव्ह धरायचं." तेव्हा ते बरोबरच होतं. १+ असलेल्या बाईसाठी हर-टूवरचं कुठलंच औषध नव्हतं. मग जून २०२२ मध्ये शिकागोच्या मोठ्या कॅन्सर परिषदेत एका अभ्यासाचे निकाल वाचून दाखवले गेले आणि सभागृहातले डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. १+ असलेल्या, किंवा २+ येऊन फिश निगेटिव्ह असलेल्या, आणि ज्यांचा आजार पसरलाय अशा रुग्णांना ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन हे औषध लागू पडत होतं. त्यांच्यासाठी 'हर-टू लो' असं नवं नाव रुळलं. माझ्या रिपोर्टमधलं अक्षरही बदललं नव्हतं, तरी त्या ओळीचा अर्थ बदलला होता.

म्हणून सांगते, जुना रिपोर्ट फेकू नका, आणि 'निगेटिव्ह' असा गोळाबेरीज शब्द लिहून ठेवण्याऐवजी मूळ गुण लिहा. आजार उलटला तर शक्य असेल तिथे नवीन बायोप्सी होईल का, हेही विचारा. पेशींचा स्वभाव मधल्या काळात बदललेला असू शकतो.

दुसरी पायरी: उपचार कशासाठी आहे, ते विचारा

हा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण तो पहिल्याच भेटीत विचारावा: हा उपचार आजार मुळातून काढण्यासाठी आहे, की आटोक्यात ठेवण्यासाठी? आजार स्तनात आणि काखेत असेल तर बहुतेक वेळा तो काढून टाकायचा प्रयत्न असतो. हाडं, यकृत, फुप्फुसं, मेंदू इथे पोचला असेल तर ती चौथी स्टेज, आणि मग हिशेब वेगळा होतो. आजाराला ताब्यात ठेवत जास्तीत जास्त चांगले दिवस मिळवायचे, एक औषध थकलं की दुसरं घ्यायचं. चौथ्या स्टेजच्या बायका वर्षानुवर्षं काम करताना, मुलांच्या परीक्षा घेताना मी पाहिल्यात. तरी तो वेगळा रस्ता आहे, आणि बातम्या वाचताना आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते माहीत असलं पाहिजे.

औषधं आधी आणि ऑपरेशन नंतर असं सांगितलं तर घाबरू नका. हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह आजारात अनेकदा तेच शहाणपणाचं असतं. औषधाने गाठ किती विरघळली ते ऑपरेशनमध्ये कळतं आणि पुढचं औषध त्यावरून ठरतं. "काढून का टाकत नाही लवकर?" असं घरचे विचारतील. त्यांना हे सांगा.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच नको. निदानानंतर थोडे दिवस विचारात गेले तर सहसा बिघडत नाही. महिने घालवणं वेगळं. वय कमी असेल, घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल, किंवा आजार ट्रिपल निगेटिव्ह असेल तर ब्राका जनुकाची (यात बिघाड असेल तर हा कर्करोग घराण्यात उतरू शकतो) तपासणी करायची का, हे विचारा. शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो, आणि त्याच्यासाठी ही तपासणी हमखास विचारण्यासारखी. पुढे मूल हवं असेल तर केमो सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर नाही. बीजांडं गोठवून ठेवायला वेळ लागतो.

भेटीला जाताना एक माणूस सोबत न्या. त्याने फक्त लिहायचं.

तिसरी पायरी: उपचारांचे दिवस काढणं

केमोच्या दिवसापेक्षा त्यानंतरचा आठवडा-दीड आठवडा सांभाळायचा असतो. पांढऱ्या पेशींचा काउंट साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळाला जातो. तेव्हा थर्मामीटर उशाशी. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की तापाची गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट दवाखान्यात फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी एकदा सकाळपर्यंत थांबले होते. "लोकांना कशाला त्रास," हा माझा विचार. सकाळी मला चालता येत नव्हतं आणि पुढचे पाच दिवस सलाईनवर गेले.

केस पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात. डोक्याला गारवा देणारी टोपी काही ठिकाणी मिळते आणि काही औषधांमध्ये तिने केस बऱ्यापैकी वाचतात, पण ती पहिल्या केमोपासूनच घालावी लागते. मळमळीवर आता चांगल्या गोळ्या आहेत. त्रास सुरू व्हायची वाट न पाहता सांगितल्या वेळी घ्या. थकवा मात्र निराळा असतो, झोपून उठलं तरी जात नाही. त्यावर सगळ्यात चांगला पुरावा आहे तो चालण्याचा, थोड्या व्यायामाचा. मलाही हे ऐकून चीड आली होती. पहिल्या दिवशी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्या, पुढच्या आठवड्यात दहा.

काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. अंगठी किंवा बाही घट्ट व्हायला लागली की लगेच दाखवा, सुरुवातीची सूज आटोक्यात ठेवणं सोपं असतं. 'त्या हाताने आता कधीच जड उचलायचं नाही' असं तुम्हालाही कोणीतरी सांगेल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायकांना देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, आणि त्यांची सूज वाढली नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि हात वापरत राहा.

आता हार्मोनच्या गोळीबद्दल जरा सविस्तर, कारण ती पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यायची असते, आणि नेमकं तिथेच लोक सुटतात. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केस परत आले, सगळ्यांच्या मते तुम्ही बऱ्या झालात. आणि तुम्ही रोज एक छोटी गोळी घेताय, जिने सकाळी बोटं आखडतात. लेट्रोझोल सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मला बरणीचं झाकण उघडेना. मी बरणी उंबऱ्यावर आपटली, ती फुटली आणि मी काचांमध्ये बसून रडले. त्यानंतर दहा दिवस कोणाला न सांगता गोळी बंद ठेवली. डॉक्टरांना कबूल केलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी त्याच जातीची दुसरी गोळी देऊन पाहिली, व्यायाम सांगितला, आणि हळूहळू जमलं. गोळी गुपचूप बंद करू नका. बदलता येते, मध्ये थोडी विश्रांतीही ठरवून घेता येते, पण ते डॉक्टरांशी बोलून.

लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागते. टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीचं वेगळं: पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव झाला किंवा एका पायाला अचानक सूज आली तर लगेच दाखवायचं. नैराश्यावरची काही औषधं, जसं पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. तेव्हा मनाच्या डॉक्टरांना तुमची गोळी माहीत हवी. ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह आजारावरचं औषध, चालू असेल तर ठराविक महिन्यांनी हृदयाचा इको. काढे, चूर्णं, 'इम्युनिटीची' पूड काहीही घेत असाल तर सांगा. रागावतील म्हणून लपवतात बायका, आणि यकृताचा रिपोर्ट बिघडला की कारण सापडत नाही. कोरडेपणा आणि शरीरसंबंधांतला त्रास यावरही उपाय असतात, पण विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही.

उपचार संपल्यावर दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून घ्यावा असं आपल्याला वाटतं. पण काही तक्रार नसताना सरसकट स्कॅन आणि ट्यूमर मार्करच्या रक्ततपासण्या करण्याचा फायदा दिसलेला नाही. तपासणी आणि दरवर्षीचा मॅमोग्राम एवढं पुरतं. नवी, न जाणारी दुखणी, श्वास लागणं, वजन घटणं, यासाठी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

चौथी पायरी: काय काय बदललंय, ते आपल्या ओळीपुरतं वाचा

संशोधनाची सगळी वाट एकदा ओझरती पाहून घ्या, म्हणजे नवी बातमी कुठे बसते ते कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं काढायची पद्धत रूढ केली, आणि ती अनेक दशकं चालली. याहून कमी कापून भागतं का, हे बर्नार्ड फिशर या सर्जनने अमेरिकेत १९७६ पासून तपासून पाहिलं. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निकालांत सारख्याच जगलेल्या दिसल्या. माझा स्तन राहिला तो या अभ्यासामुळे.

मला रेडिएशनचे 'शेक' पंधरा दिले, तीन आठवडे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चार हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं, की अनेकींना एका आठवड्यात पाच शेक तितकेच पुरतात. आशेची बातमी नेहमी नव्या औषधाचीच असते असं नाही. पुष्कळदा ती 'हे इतकं करायची गरज नाही' अशी असते.

त्यातलीच एक माझ्या जिव्हारी लागली. २०१८ मध्ये टेलरएक्स या अभ्यासाचे निकाल आले. गाठीतली २१ जनुकं तपासून आजार परतण्याच्या धोक्याचा गुण काढायचा. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रंथी स्वच्छ, आणि गुण ११ ते २५ असलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांना हार्मोनच्या गोळीवर केमोची भर घालून काही फायदा झाला नाही. मी तेव्हा ५४ वर्षांची होते आणि आदल्याच वर्षी माझी केमो झाली होती. ती चाचणी माझी केलेली नव्हती, त्यामुळे माझा गुण किती आला असता ते आता कळणार नाही. राग आला का? आला. मग वाटलं, माझ्यानंतरच्या हजारो जणींचे केस आणि नसा यामुळे वाचल्या. तुमचं पान माझ्यासारखं असेल तर केमोआधी या चाचणीबद्दल विचारा. पन्नाशीच्या आतल्या बायकांचा हिशेब थोडा निराळा आहे, तोही विचारा.

हार्मोन पॉझिटिव्ह ओळीवर टॅमॉक्सिफेन हे जुनंजाणतं. गर्भनिरोधकाच्या शोधात सापडलेलं हे औषध अमेरिकेत १९७७ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं आणि अजून पहिल्या फळीत आहे. २०१५ पासून पाल्बोसिक्लिब, मग रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब या गोळ्या आल्या. पेशीचं विभाजन पुढे सरकवणाऱ्या कळीला त्या खीळ घालतात. आधी त्या पसरलेल्या आजारात वापरल्या, आता शेवटच्या दोन आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्या सुरुवातीच्या रुग्णांनाही देतात. हार्मोनच्या गोळीला दाद न देणाऱ्या पेशींत अनेकदा ईएसआर-१ या जनुकात बदल झालेला असतो. त्यांच्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत एलासेस्ट्रँट ही तोंडाने घ्यायची गोळी मंजूर झाली. मूल हवं असलेल्या तरुणींसाठी २०२३ चाच पॉझिटिव्ह अभ्यास: ५१६ जणींनी दीड ते अडीच वर्षं हार्मोन उपचार घेऊन गरोदरपणासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवला, आणि तेवढ्या काळात तरी आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. पुढच्या वर्षांचा हिशेब अजून चालू आहे.

हर-टू ३+ ही एके काळी सगळ्यात वाईट ओळ समजत. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आलं आणि चित्र पालटलं. मघाशी ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या ते औषध याच ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर केमोची पुडी बांधून केलेलं. ते हर-टू शोधत पेशीपर्यंत जातं आणि पुडी आत सोडतं.

ट्रिपल निगेटिव्हवर बराच काळ केमोखेरीज काहीच नव्हतं. २०२१ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारं औषध, सुरुवातीच्या, पण जोखमीच्या आजारासाठी अमेरिकेत मंजूर झाली. २०२४ मध्ये आलेल्या आकड्यांत पाच वर्षांनी तिच्या गटात ८६.६ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या केमोच्या गटात ८१.७. थायरॉइडसारख्या ग्रंथी कायमच्या बिघडू शकतात, ही तिची दुसरी बाजू. ब्राका बदल असलेल्यांसाठी ओलापॅरिब आहे. पेशीची डीएनए दुरुस्त करायची एक वाट ब्राकामुळे आधीच बंद असते, ही गोळी दुसरी बंद करते.

पाचवी पायरी: बातमी चाळून घ्या

माझी नणंद मनापासून मेसेज पाठवते. एकदा आला तो असा: ऑपरेशनआधी एक साधं इंजेक्शन, मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी! बातमी खरी होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला, सुमारे १६०० बायकांचा आणि २०२३ मध्ये छापून आलेला अभ्यास. गाठ काढायच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिडोकेन, म्हणजे भूल द्यायचं नेहमीचं औषध, टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायका इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ८६.४ टक्के.

आता हे वहीसमोर ठेवून वाचू. २९ टक्के हा एका गटाचा धोका दुसऱ्याच्या तुलनेत किती घटला त्याचा आकडा. शंभर जणी घेतल्या तर फरक साधारण चौघींचा. इतक्या साध्या औषधाने चौघी म्हणजे मला तरी पुष्कळ वाटतात, पण २९ वाचून मनात जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे. मग, अभ्यासात कोण होत्या? थेट ऑपरेशनला गेलेल्या, आधी केमो न घेतलेल्या बायका. माझं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली होती, मला त्याचा काही उपयोग नाही. ऑपरेशनची तारीख ठरायची असलेल्या बाईने मात्र सर्जनला जरूर विचारावं.

हीच पद्धत प्रत्येक बातमीला लावा. प्रयोग उंदरांवर झालाय की माणसांवर? माणसांवर असेल तर कितवा टप्पा? पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस आणि सुरक्षितता पाहतात, दुसऱ्यात काही परिणाम दिसतो का ते, आणि प्रचलित उपचाराशी थेट गाठ तिसऱ्यात पडते. बातमीतले महिने कशाचे आहेत हेही पाहा. आजार न वाढता गेलेला काळ आणि एकूण आयुष्य हे दोन वेगळे आकडे. त्या २०२२ च्या अभ्यासात आजार स्थिर राहण्याचा मध्यम काळ (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला) ५.१ वरून ९.९ महिन्यांवर गेला, आणि आयुष्य १६.८ वरून २३.४ महिन्यांवर. दोन्ही वाढले म्हणून टाळ्या होत्या. आणि त्याच अभ्यासात ते औषध घेणाऱ्या सुमारे १२ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांना सूज आली, तिघांचा त्यात मृत्यू झाला. हे औषध चालू असताना नवा कोरडा खोकला आला तर त्याच दिवशी कळवायचं, ते यामुळे.

दोन्ही आकडे नेहमी सोबत वाढत नाहीत. बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत २००८ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी घाईची मंजुरी मिळाली होती. पुढच्या अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसेना, त्रास मात्र होता, आणि २०११ मध्ये ती मंजुरी काढून घेतली. त्याआधी, १९९० च्या दशकात, भरमसाट केमो देऊन अस्थिमज्जा परत घालायच्या उपचाराची मोठी लाट होती. नीट तुलना केली तेव्हा फायदा निघाला नाही, आणि ज्या एका दक्षिण आफ्रिकी अभ्यासात मोठा फायदा दाखवला होता त्यातली नोंद खोटी असल्याचं २००० साली उघड झालं.

सध्या मी ज्यावर नजर ठेवून आहे ते रक्तातल्या गाठीच्या डीएनएचं. २०२५ मध्ये मांडलेल्या सेरेना-६ अभ्यासात पसरलेल्या आजाराच्या रुग्णांचं रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासलं. ईएसआर-१ मधला बदल दिसताच, स्कॅनमध्ये आजार वाढायच्या आधीच हार्मोनचं औषध बदललं. आजार स्थिर राहण्याचा काळ ९.२ वरून १६ महिन्यांवर गेला. त्याने आयुष्य वाढतं का, हे दिसायला काही वर्षं जावी लागतील. तोवर दरमहा रक्त तपासून घेण्याच्या जाहिरातींना मी बळी पडणार नाही.

सहावी पायरी: ट्रायलमध्ये जायचं की नाही

ट्रायल म्हटलं की 'आमच्यावर प्रयोग' हे पहिलं वाक्य येतं. या लेखातली सगळी औषधं कुणा ना कुणा बाईने आधी ट्रायलमध्ये घेतलेली आहेत. तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला सहसा आजचा चांगला उपचारच देतात, नुसती साखरेची गोळी देऊन सोडत नाहीत. तरी संमतीचा कागद घरी आणा, दोन दिवस वाचा. मी कुठल्या गटात जाऊ शकते, तपासण्या किती वाढतील, खर्च कोण करणार, अपाय झाला तर जबाबदारी कोणाची, हे विचारा. मधूनच बाहेर पडायचा हक्क असतो, कारण द्यावं लागत नाही. चालू ट्रायल्सच्या सरकारी नोंदी सगळ्यांना खुल्या असतात. तिथे शोधताना आजाराच्या नावासोबत वहीतली ओळ टाका, नाहीतर हजारो नोंदी अंगावर येतात. ज्या ठिकाणी औषध अजून सिद्ध व्हायचंय आणि रुग्णाकडूनच त्याचे पैसे मागतात, तिथून मी उठून आले असते.

आणि वाचन कधी थांबवायचं

मी रविवारी सकाळी अर्धा तास वाचते. आठवडाभर आलेले मेसेज न उघडता बाजूला ठेवते. मोठ्या बातम्या साधारण जूनच्या शिकागो परिषदेत, शरद ऋतूतल्या युरोपच्या परिषदेत आणि डिसेंबरमधल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत येतात. तेव्हा जरा जास्त वेळ देते. स्कॅन किंवा मॅमोग्रामच्या आधीचे दहा दिवस मात्र काहीही वाचत नाही. तेव्हा चांगली बातमीही वाईट वाटते. नणंदेला सांगून ठेवलंय, की मला लिंक नको, जेवायला ये.

कामाचं काही सापडलं तर वहीत एक ओळ लिहिते: औषधाचं नाव, कोणत्या ओळीसाठी, कोणत्या स्टेजसाठी. पुढच्या भेटीत तेवढंच विचारते. "मी असं वाचलं" म्हणून छापलेला गठ्ठा टेबलावर ठेवला, की डॉक्टरांचा चेहरा पडतो. एका ओळीला मात्र नीट उत्तर मिळतं.

या वेळच्या पानावर दोन प्रश्न आहेत. एक माझ्या हाडांच्या इंजेक्शनचा. दुसरा, मुलीचा मॅमोग्राम कोणत्या वयापासून सुरू करायचा. तो तिने स्वतःच लिहिलाय, पहिल्या पानाइतक्याच नीट अक्षरात.